वाचकांचे प्रश्न : क्लेमेंटे आधी खेळाडू होता

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेलेला बेसबॉलपटू कोण? मी रॉबर्टो क्लेमेंटेचं नाव, १९७२ साल आणि निकाराग्वा एवढं दोन ओळींत सांगून मोकळा झालो. त्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यालाच दिला आहे. बहुतेकांचा सूर ‘केवढा थोर माणूस!’ असा आहे. थोर होताच. पण त्याच्या मरणाची गोष्ट इतकी मोठी झाली आहे की तिच्याखाली अठरा मोसम खेळलेला खेळाडू दडपला गेला. चिडका, मानी, पाठदुखीने बेजार, आणि ज्याच्या हातात चेंडू दिसला की बेसवरचा धावपटू जागच्या जागी गोठायचा असा तो खेळाडू होता. मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे. म्हणून विमानाविषयीचे प्रश्न मुद्दाम मागे ठेवले आहेत, कृपया रागावू नये.

प्रश्न : क्लेमेंटे अमेरिकन होता की परदेशी? तो बेसबॉलकडे कसा वळला?

उत्तर : पोर्तो रिकोचा. हे बेट अमेरिकेच्या ताब्यातलं आणि तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. म्हणजे कागदोपत्री तो अमेरिकनच होता, पण तो जिथे खेळला त्या पिट्सबर्गमधल्या अनेकांच्या लेखी तो कायम बाहेरचा राहिला. जन्म १८ ऑगस्ट १९३४, गाव कॅरोलिना. भावंडांत सगळ्यांत धाकटा. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर तोडणी कामगारांचे मुकादम होते. पोरगा शाळेत भाला फेकायचा, आणि त्याच्या खांद्यातली ताकद पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरली ती तिथे. बेसबॉल तर बेटावर जिकडेतिकडे होताच.

१९५२ मध्ये सांतुर्से संघाने त्याला करारबद्ध केलं. हिवाळ्यात चालणारी ही स्थानिक लीग म्हणजे किरकोळ प्रकरण नव्हतं. मोसम संपला की अमेरिकेतले मोठे खेळाडूही तिथे येऊन खेळत. १९५४-५५ च्या हिवाळ्यात सांतुर्सेच्या आउटफील्डमध्ये (बेसच्या पलीकडच्या लांबच्या मैदानात) क्लेमेंटेच्या शेजारी विली मेज उभा असायचा. वीस वर्षांच्या पोराला याहून चांगली शाळा कुठली मिळणार?

त्याआधीच, फेब्रुवारी १९५४ मध्ये, ब्रुकलिन डॉजर्सने त्याला उचललं होतं. १०,००० डॉलर बोनस, ५,००० डॉलर पगार. नंतर मिलवॉकी ब्रेव्ह्जने याहून बरीच मोठी रक्कम देऊ केली, पण डॉजर्सना शब्द देऊन झाला होता. आईने सांगितलं, दिला शब्द पाळायचा. त्याने पाळला. डॉजर्सने काय केलं ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : असा हिरा डॉजर्सने हातचा घालवला कसा? काही तरी राजकारण असणार.

उत्तर : राजकारण कमी, नियम जास्त. जरा सविस्तर सांगतो, कारण व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडूचं नशीब मैदानापेक्षा नियमपुस्तकात किती ठरतं ते इथे दिसतं.

प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली छोट्या लीगमधले संघ असतात. नवा खेळाडू तिथे वर्षानुवर्षं तयार होतो. आता श्रीमंत संघाने चांगली पोरं विकत घेऊन खालच्या संघांत साठवून ठेवू नयेत, म्हणून त्या काळी एक नियम होता. नव्या खेळाडूला ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलात, तर त्याला मुख्य संघात ठेवा. ठेवला नाहीत, तर मोसम संपल्यावर दुसरा कुठलाही संघ ठराविक रक्कम भरून त्याला घेऊन जाऊ शकतो. डॉजर्सचा मुख्य संघ तेव्हा तगड्या खेळाडूंनी भरलेला. त्यांनी क्लेमेंटेला कॅनडात मॉन्ट्रियल रॉयल्सकडे पाठवलं आणि तिथे तो बराच काळ बाकावर बसून राहिला. इतर संघांच्या नजरेत भरू नये म्हणून त्याला मुद्दाम लपवलं, असं पुढे कायम सांगितलं गेलं आणि क्लेमेंटेही तसंच मानायचा. काही अभ्यासकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, त्या वर्षी तो अजून कच्चा होता, चेंडू ओळखायला चुकत होता, आणि व्यवस्थापकाने त्याला मोजकंच खेळवलं यात नवल नाही. मला दुसरं म्हणणं जास्त खरं वाटतं. पण एकोणिसाव्या वर्षी परक्या भाषेच्या गावात बाकावर बसलेल्या मुलाला काय वाटलं असेल, हेही समजू शकतं.

लपवलं असेल तर ते जमलं नाही, हे नक्की. पिट्सबर्ग पायरेट्सचा शोधाधिकारी क्लाइड सुकफोर्थ मॉन्ट्रियलचा संघ बघायला गेला तो जो ब्लॅक नावाच्या पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी. सामन्याआधीच्या सरावात त्याला उजव्या मैदानातून येणारे क्लेमेंटेचे थ्रो दिसले आणि पिचर बाजूला राहिला. पायरेट्स १९५४ मध्ये शेवटच्या क्रमांकावर होते, त्यामुळे निवडीचा पहिला मान त्यांचा. २२ नोव्हेंबर १९५४ ला त्यांनी ४,००० डॉलर भरून क्लेमेंटेला घेतलं. गंमत अशी की पायरेट्सचा कारभार तेव्हा ब्रँच रिकीच्या हातात होता. डॉजर्समध्ये असताना जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला करारबद्ध करून मोठ्या लीगमधली वर्णभिंत पाडली ती यानेच. आपल्याच जुन्या संघाच्या ताटातला घास त्याने उचलला.

आणि १७ एप्रिल १९५५ ला क्लेमेंटे मोठ्या लीगमधला पहिला सामना खेळला तो कोणाविरुद्ध? डॉजर्सविरुद्ध. पहिल्याच फेरीत हिट मारला.

प्रश्न : बेसबॉलमधलं मला काही कळत नाही. त्याची सरासरी ०.३१७ होती असं वाचलं. एवढीशी? आणि तीन हजार हिट्सचं एवढं कौतुक का?

उत्तर : क्रिकेटचा चष्मा थोडा वेळ काढून ठेवा. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे बाद होण्यामागे किती धावा. इथे हिशेब वेगळा. फलंदाजीला किती वेळा (म्हणजे किती फेऱ्यांत) उभा राहिला आणि त्यांतल्या किती वेळा चेंडू मारून सुखरूप बेस गाठला (त्यालाच हिट म्हणतात), याचं हे प्रमाण. चेंडू मारला पण झेल गेला किंवा पहिल्या बेसवर बाद झाला, तर ते अपयश. पिचरने चार चेंडू चुकीचे टाकून फुकट बेस दिला, तर ते मोजतच नाहीत. क्लेमेंटेच्या नावावर ९,४५४ मोजलेल्या फेऱ्या आहेत आणि ३,००० हिट्स. म्हणजे दहातल्या जवळपास सात वेळा तो अपयशी होऊन परत गेला, आणि तरी तो आपल्या काळातल्या सर्वोत्तम फलंदाजांत गणला गेला. नॅशनल लीगमध्ये (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी पायरेट्स ज्यात खेळतात तो) सर्वोच्च सरासरीचा मान त्याने चार वेळा मिळवला : १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७.

तीन हजार हिट्स म्हणजे पंधरा वर्षं दर वर्षी दोनशे. भले भले इथपर्यंत पोचत नाहीत. क्लेमेंटेच्या आधी फक्त दहा जण पोचले होते.

शेवटच्या हिटचा किस्सा सांगण्यासारखा आहे. २९ सप्टेंबर १९७२, न्यू यॉर्क मेट्सविरुद्ध, समोर टॉम सीव्हर. क्लेमेंटेने मारलेला चेंडू दुसऱ्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला नीट धरता आला नाही. फलकावर आधी ‘हिट’ झळकलं, प्रेक्षक उठून उभे राहिले, आणि मग निर्णय बदलला : क्षेत्ररक्षकाची चूक, म्हणजे हिट नाही. क्लेमेंटे भयंकर चिडला. दुसऱ्या दिवशी चौथ्या इनिंगमध्ये त्याने जॉन मॅटलॅकचा चेंडू असा काही डाव्या-मधल्या मैदानात मारला की वादाला जागाच उरली नाही. सरळ दुसरा बेस गाठला. टोपी उंचावली. मैदानात तेरा हजारांच्या आसपास माणसं होती, स्टेडियम बरंचसं रिकामं. इतिहास घडतो तेव्हा गर्दी असतेच असं नाही.

लीगच्या मोसमातला तो त्याचा शेवटचा हिट. आकडा बरोबर ३,००० वर थांबला. यात कुणी दैवी संकेत शोधतात. मला विचाराल तर पुढच्या वर्षी खेळून ३,१५० करायचा त्याचा बेत नक्की असणार.

प्रश्न : क्षेत्ररक्षकाला एवढं डोक्यावर का घेतात? झेल तर सगळेच घेतात.

उत्तर : झेल सगळे घेतात, पण क्लेमेंटेमुळे समोरच्या संघाचे धावपटू पळायचेच थांबायचे. उजव्या मैदानाच्या कोपऱ्यातून तिसरा बेस सगळ्यांत लांब. म्हणून चेंडू तिकडे गेला की धावपटू निर्धास्तपणे एक बेस जास्त घेतात. क्लेमेंटे तिथे असला की नाही घ्यायचे.

१९७१ ची वर्ल्ड सिरीज (मोसमाअखेरची विजेतेपदाची मालिका), सहावा सामना, बाल्टिमोरविरुद्ध त्यांच्याच गावात. नवव्या इनिंगमध्ये बरोबरी झालेली, पहिल्या बेसवर बाल्टिमोरचा मार्क बेलांजर. डॉन ब्युफर्डने चेंडू उजव्या कोपऱ्यात फटकावला. अशा फटक्यावर पहिल्या बेसवरचा माणूस घरी, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटवर, पोचून धाव पूर्ण करतो आणि सामना संपवतो. क्लेमेंटेने भिंतीजवळ चेंडू उचलला, वळला, आणि थेट होम प्लेटकडे फेकला. एक टप्पा पडून चेंडू कॅचरच्या (आपल्या यष्टिरक्षकासारखा) हातात. बेलांजर तिसऱ्या बेसवर थांबलेला. त्या क्षणी धाव झाली नाही. सामना दहाव्या इनिंगमध्ये पायरेट्स हरलेच, त्यामुळे धावफलकात या थ्रोची काही नोंद सापडणार नाही. तिथे असलेल्यांना मात्र तो कायमचा लक्षात राहिला.

१९६१ ते १९७२ सलग बारा वर्षं त्याला गोल्ड ग्लव्ह हा सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला. आउटफील्डरमध्ये हा विक्रम त्याचा आणि विली मेजचा, दोघांचा मिळून. सांतुर्सेतल्या त्या हिवाळ्याचं हे व्याज म्हणा.

प्रश्न : तो सतत आजारपणाच्या तक्रारी करायचा, नखरेल होता असंही वाचनात आलं. आपण त्याला फार चढवून ठेवताय का?

उत्तर : बरं झालं विचारलंत. बाकी सगळी पत्रं हळद-कुंकू लावलेली आहेत.

हो, तक्रारी करायचा. पाठ, मान, कोपर, पोट, झोप. फलंदाजीला उतरला की डोकं इकडून तिकडे फिरवून मानेचे मणके मोकळे करायचा. ही त्याची सवय पिट्सबर्गमधल्या पोरांनी उचलली होती. वार्ताहर त्याला अंगचोर म्हणत. त्याची दुखणी काल्पनिक आहेत अशी कुजबुज कायम असायची.

आता दुसरी बाजू. १९५४ च्या अखेरीला, मोठ्या लीगमध्ये पाऊल ठेवायच्या आधीच, मरणाच्या दारात असलेल्या थोरल्या भावाला भेटून परतताना त्याच्या गाडीला दारू प्यायलेल्या चालकाने धडक दिली. मणक्यांमधल्या चकत्या दुखावल्या. ते दुखणं घेऊन तो पुढचे अठरा मोसम खेळला. १९६५ च्या सुरुवातीला मलेरिया झाला, आणि त्याच वर्षी त्याने लीगमधली सर्वोच्च सरासरी राखली. पायरेट्ससाठी एकूण सामने २,४३३. संघाच्या इतिहासात याहून जास्त तोवर कोणी खेळलं नव्हतं. अंगचोर माणूस हा आकडा कुठून आणणार?

खरी मेख वेगळीच होती. ‘कसा आहेस?’ विचारलं की अमेरिकन खेळाडूने ‘एकदम ठणठणीत’ म्हणायचं असतं, हा तिथला रिवाज. क्लेमेंटे खरं उत्तर द्यायचा. तेही तोडक्यामोडक्या इंग्रजीत. आणि मग वार्ताहर त्याचे उच्चार जसेच्या तसे, वेडेवाकडे लिहून छापायचे. एखादा गोरा खेळाडू व्याकरण चुकला तर त्याचं वाक्य दुरुस्त होऊन छापलं जाई. याचं मात्र मुद्दाम बिघडवून. मी आयुष्यभर क्रीडापानावर दुसऱ्यांच्या प्रती दुरुस्त करत आलो, त्यामुळे यातला खवचटपणा मला लगेच दिसतो. उपसंपादकाच्या पेन्सिलीने माणूस अडाणी ठरवता येतो. त्याचं नावसुद्धा यांना पचेना. खेळाडूंची चित्रकार्डं छापणारी टॉप्स कंपनी १९५७ पासून १९६९ पर्यंत कार्डावर ‘बॉब क्लेमेंटे’ छापत राहिली. ‘माझं नाव रॉबर्टो’ हे तो सांगत होता, पण ऐकतो कोण.

१९६० ची गोष्टही त्याच्या मनात सलत राहिली. पायरेट्सनी बलाढ्य यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. सातव्या सामन्यात बिल मॅझेरॉस्कीने शेवटच्या इनिंगमध्ये मारलेला होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून घरी) आजही सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या आधीच्या, आठव्या इनिंगमध्ये क्लेमेंटेने एक साधा, जमिनीवर उसळणारा चेंडू मारला आणि जिवाच्या आकांताने पळाला. पिचर पहिला बेस सांभाळायला वेळेवर पोचला नाही. क्लेमेंटे वाचला, इनिंग जिवंत राहिली, आणि पुढच्याच फलंदाजाने तीन धावांचा होमरन मारला. हा एक पळ नसता तर मॅझेरॉस्कीचा पुतळा कशाला उभा राहता? क्लेमेंटेने त्या मालिकेत सातही सामन्यांत हिट मारला होता. तरी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी वार्ताहरांनी जे मतदान केलं त्यात तो आठवा. पुरस्कार त्याच्याच संघातल्या डिक ग्रोटला. आठव्या क्रमांकाचा अपमान तो विसरला नाही. विजेतेपदाची अंगठीदेखील तो घालत नसे. हा पुरस्कार त्याला पुढे १९६६ मध्ये मिळाला.

याला नखरे म्हणायचे असतील तर आणखी एक जोडा. वसंतातलं सराव शिबिर फ्लोरिडात, फोर्ट मायर्सला. तिथे काळ्या खेळाडूंना, म्हणजे क्लेमेंटेलाही, गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात राहता येत नसे. प्रवासात गोरे खेळाडू खाणावळीत जेवायचे आणि काळे बसमध्ये बसून राहायचे, त्यांच्यासाठी डबा बाहेर आणून दिला जायचा. क्लेमेंटेने तो डबा नाकारला आणि व्यवस्थापनाला सुनावलं, आम्हाला वेगळी गाडी द्या, आमचे आम्ही जेवू. गाडी मिळाली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेव्हा पायरेट्सचे काळे खेळाडू त्यांच्या अंत्यसंस्काराआधी मोसम सुरू करायला तयार झाले नाहीत. त्यांत हा पुढे होता.

कुरकुर करणारा माणूस होता खरा. पण त्यातली बरीचशी कुरकुर रास्त होती.

प्रश्न : १९७१ मध्ये टीव्हीवर तो स्पॅनिशमध्ये बोलला, त्याचं विशेष काय?

उत्तर : बाल्टिमोरविरुद्धची तीच मालिका. क्लेमेंटे सदतीस वर्षांचा. एकोणतीस फेऱ्यांत बारा हिट्स, सरासरी ०.४१४, दोन होमरन. त्यांतला एक सातव्या सामन्यात, जो पायरेट्सनी २-१ असा जिंकला. मालिकेचा मानकरी अर्थात तोच. सामना संपल्यावर देशभर चाललेल्या थेट प्रक्षेपणात त्याच्यासमोर मायक्रोफोन आला. इंग्रजीत उत्तर देण्याआधी त्याने परवानगी मागून घरच्यांसाठी स्पॅनिशमध्ये बोलून घेतलं : मुलांना आशीर्वाद दिला आणि आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला. सतरा वर्षं ज्याच्या बोलण्याची टिंगल छापली गेली त्याने सगळ्या अमेरिकेला, मी आईशी बोलतोय तोवर थांबा, असं सांगितलं. पोर्तो रिकोत लोक ढसाढसा रडले असतील तर नवल नाही.

प्रश्न : त्याने किती कमावलं? आजच्या खेळाडूंसारखे कोट्यवधी?

उत्तर : छे. भरभराटीच्या काळात वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास, आणि तेव्हा तो आकडा मोजक्यांनाच मिळायचा. कारण खेळाडू संघाच्या मालकीचा असे. करारातच कलम असायचं की मुदत संपली तरी त्याच्यावर हक्क त्याच संघाचा. पटलं नाही तर खेळणं सोडा.

कर्ट फ्लड या खेळाडूने या कलमाला कोर्टात आव्हान द्यायचं ठरवलं. डिसेंबर १९६९ मध्ये खेळाडू संघटनेचे प्रतिनिधी सान हुआनला जमले होते. पायरेट्सचा प्रतिनिधी क्लेमेंटे. त्याने स्वतःचंच उदाहरण मांडलं : मिलवॉकीची मोठी रक्कम सोडून मी डॉजर्सकडे गेलो, आणि मला न विचारता पिट्सबर्गला पाठवलं गेलं. प्रतिनिधींनी एकमताने फ्लडला पाठिंबा दिला. फ्लड १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. खेळाडूंची सुटका झाली ती १९७५ च्या अखेरीस, लवादाच्या निवाड्याने. तेव्हा क्लेमेंटेला जाऊन तीन वर्षं होत होती.

प्रश्न : तुमचा आवडता क्लेमेंटे क्षण कोणता?

उत्तर : २५ जुलै १९५६. पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड, शिकागो कब्जविरुद्ध शेवटची इनिंग. पायरेट्स ५-८ असे मागे, तिन्ही बेस भरलेले, कोणी बाद नाही. नवा पिचर आला. क्लेमेंटेने त्याचा पहिलाच चेंडू डाव्या-मधल्या मैदानात खोलवर मारला. बेसवरचे तिघे घरी पोचले, बरोबरी झाली. तिसऱ्या बेसजवळ व्यवस्थापक बॉबी ब्रॅगन दोन्ही हात वर करून उभा : थांब! शहाणपणाचं होतं तेच. कोणी बाद नव्हतं, पुढच्या कुणीही त्याला सहज घरी आणलं असतं. क्लेमेंटे त्याच्याजवळून सुसाट गेला, होम प्लेटपाशी घसरला, चुकली प्लेट हाताने चाचपून शिवला. ९-८. चेंडू मैदानाबाहेर न जाता मारलेला, सामना जिंकून देणारा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन). मोठ्या लीगच्या इतिहासात असा दुसरा सापडत नाही. इशारा मोडल्याबद्दल दंड व्हायचा, ब्रॅगनने तो माफ केला.

बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा हा आगाऊ, बेफाम पोरगा मला पुतळ्यातल्या क्लेमेंटेपेक्षा जास्त आवडतो.

प्रश्न : विमान अपघात नेमका कसा झाला? त्याने स्वतः जायची काय गरज होती? (असं विचारणारी पत्रं सगळ्यांत जास्त.)

उत्तर : २३ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं गेली. क्लेमेंटे महिनाभर आधीच तिथे पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून जाऊन आला होता. चेहरे ओळखीचे होते. त्याने सान हुआनमध्ये मदत गोळा केली, विमानं पाठवली. मग कळलं की निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या राजवटीचे लोक मदतीचं सामान परस्पर लाटताहेत. आपण सोबत असलो तर त्याला हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही, असा त्याचा हिशेब. म्हणून तो स्वतः निघाला. म्हणजे गरज होती ती पहाऱ्याची, आणि त्याचं नाव हाच पहारा.

विमान जुनं डीसी-७. चारच आठवड्यांपूर्वी धावपट्टीकडे जाताना त्याला अपघात झाला होता. सामान मर्यादेपेक्षा चार हजार पौंडांहून जास्त. ३१ डिसेंबरच्या रात्री नऊनंतर सान हुआनहून उडालं आणि किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळलं. आत पाच जण होते, कोणी वाचलं नाही. क्लेमेंटेचा देह सापडला नाही. त्याच्या संघातला कॅचर मॅनी सँगुइयेन शोकसभेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत होता.

कुटुंबीयांनी सरकारवर दावा लावला : हे विमान उडण्यालायक नव्हतं, मग विमान वाहतूक खात्याने अडवलं का नाही? खालच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला, १९७७ मध्ये अपील कोर्टाने तो फिरवला. मला यात बलिदान वगैरे दिसत नाही. नादुरुस्त विमान, बेसुमार लादलेलं ओझं आणि न झालेली तपासणी दिसते. बलिदान म्हटलं की जबाबदार माणसं आपोआप सुटतात.

प्रश्न : निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबल्याशिवाय हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात) घेत नाहीत ना? मग क्लेमेंटे १९७३ मध्येच कसा?

उत्तर : त्याच्यासाठी नियम बाजूला ठेवून खास मतदान घेतलं. ४२४ पैकी ३९३ मतं मिळाली. हा मान मिळवणारा लॅटिन अमेरिकेतला तो पहिला खेळाडू. नाराजीची जी थोडी मतं पडली त्यांतले काही जण नियम मोडण्याच्या विरोधात होते, त्याच्या नव्हे.

पण हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या कूपरस्टाउनला जी पाटी लावली तिच्यावर नाव कोरलं ‘रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे’. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे वडिलांचं आडनाव आधी, आईचं शेवटी. आई वॉकर, म्हणून ‘रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर’ हवं. ही चूक सुधारून नवी पाटी लागली २००० साली. जिवंतपणी बॉब, मेल्यावर उलटंपालटं!

प्रश्न : जॅकी रॉबिन्सनचा ४२ नंबर जसा सगळ्या संघांनी निवृत्त केला तसा क्लेमेंटेचा २१ का नाही करत? आपलं मत सांगावं.

उत्तर : पायरेट्सनी २१ नंबर १९७३ मध्येच निवृत्त केला. (रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर, इंग्रजी अक्षरं मोजा, एकवीस भरतात. त्यावरूनच त्याने तो निवडला म्हणतात.) पिट्सबर्गच्या आताच्या मैदानात उजवीकडची भिंतही मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला दर वर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. सप्टेंबरात त्याच्या नावाचा दिवस पाळतात, त्या दिवशी ज्याला हवा तो खेळाडू २१ नंबर घालू शकतो. सगळ्या लीगमध्ये हा नंबर बंद करावा अशी मागणी मात्र अनेक वर्षं रेंगाळते आहे.

माझं मत मागणीच्या विरुद्ध आहे आणि त्यावर पत्रं येणार याची खात्री आहे. नंबर बंद केला की तो भिंतीवर जातो. पोर्तो रिकोची काही पोरं मोठ्या लीगमध्ये आली की हट्टाने २१ मागून घेत असत. रुबेन सिएराने घातला, मेट्सकडे गेल्यावर कार्लोस डेल्गाडोने घातला. तो का घातला हे विचारलं की क्लेमेंटेचा विषय निघायचा. ही सोय काढून घेऊन काय साधणार? ज्याला घालायचा त्याला घालू द्या, आणि पाठीवर २१ असताना उजव्या कोपऱ्यातून होम प्लेटपर्यंत एका टप्प्यात फेकता आलं नाही तर प्रेक्षकांनी खुशाल हुर्यो उडवावी.